चार नवे पिस्टन

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, यांना गल्लीतले सगळे मेकॅनिक 'कानसेन' म्हणत. गाडी कोपऱ्यावरून वळायच्या आत ते सांगत, "तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह ढिला आहे." गाडीवाला उतरून तक्रार सांगायला लागला की त्याला हातानेच गप्प करत आणि बॉनेटकडे मान कलती करून उभे राहत. असा माणूस नात्यात असणं सोपं नसतं. त्यांच्यासमोर मिक्सर लावायची आमची टाप नव्हती. बुश गेलंय, असं निदान चटणी वाटून व्हायच्या आत हातात पडे, आणि ते खरं निघे हा त्याहून मोठा वैताग.

मी टर्नर. त्यांच्या शेडला लागून माझं लेथचं दुकान, मधे फक्त पत्रा. वीस वर्षं त्यांचा खोकलासुद्धा मी पत्र्याआडून ऐकत आलो. एकदा क्रँकच्या मापावरून मी त्यांची चूक काढली होती. चूक खरीच होती, पण त्यानंतर चार महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. काम असलं की ताईला मधे घालत. ताई बिचारी डबा घेऊन यायची आणि दोन्हीकडचे निरोप पोचवायची. तेव्हापासून मी कानाला खडा लावला की यांना काही सांगायला जायचं नाही.

पस्तीस वर्षं त्यांनी लोकांची इंजिनं बांधली. साठी जवळ आली तेव्हा मनाने घेतलं की एक इंजिन स्वतःसाठी बांधायचं. कारखान्याने दिलं त्याच्या दीडपट ताकदीचं, पण शर्यतीचं नव्हे; रोज भाजी आणायला नेता येईल असं. खिशाच्या नावाने आनंदच होता. शेडमध्ये बिनइंजिनाची पडून असलेली एक जुनी गाडी होती, तिच्यात ते बसवायचं होतं. म्हणून ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मूळ सांगाडा, अपघातातल्या टॅक्सीचा आणला. दोन कार्ब्युरेटर भंगारवाल्याच्या ढिगातून उचलले, त्यातल्या एकात गांधीलमाशीने घर केलं होतं. हेड मी घासून दिलं, म्हणजे पेट्रोल आणि हवा आत जास्त दाबली जाईल. हेडमधल्या वाटा मात्र त्यांनी स्वतः गोल कानशीने मोठ्या केल्या. त्याला सहा महिने लागले. चारही कनेक्टिंग रॉड सारख्या वजनाचे हवेत म्हणून ताईचा स्वयंपाकघरातला काटा शेडमध्ये आला. एक रॉड तोलायचा, जड निघाला तर चिमूटभर घासायचा, पुन्हा तोलायचा.

"माझा काटा परत मिळणार आहे का?" ताईने एकदा विचारलं.

"तुझं पीठ दोन चमचे जास्त झालं तर काय फुटणार आहे?" भाऊजी म्हणाले. "माझं फुटतं."

नवीन अशी एकच गोष्ट घेतली, चार पिस्टन. ओतीव नव्हे, ठोकून घडवलेले, खास मागवलेले. त्यासाठी त्यांनी स्कूटर विकली आणि दोन वर्षं पायी आले-गेले. ते पिस्टन मऊ बनियनमध्ये गुंडाळून ताईच्या कपाटात, तिच्या साड्यांच्या खाली ठेवले होते. कुणी आलं की बाहेर काढून दाखवायचे, पण हात लावू द्यायचे नाहीत. मी स्वतः लेथवाला, तरी मलाही नाही.

त्यात शेडच्या मालकाने जागा विकली. महिनाअखेर खाली करा म्हणाला. इंजिन उचलायची साखळी त्या शेडच्या लोखंडी तुळईला होती. घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. म्हणजे जे काय व्हायचं ते महिनाअखेरीच्या आत, आणि एकदाच.

त्याच आठवड्यात भर दुपारी ताई माझ्या दुकानात आली. लेथ बंद कर म्हणाली.

"यांना बारीक आवाज येत नाहीत रे. ट्रक आला तर कळतं, पण फोन शेजारी वाजला तरी कळत नाही. दाराची बेल तर नाहीच नाही."

"डॉक्टरकडे न्या."

"आणि काय सांगू? कान गेले म्हणून? त्यांच्याकडे दुसरं आहे काय? हे इंजिन होऊ दे एकदा. तोवर तू काही बोलणार नाहीस. शपथ घे."

मी घेतली. मला शपथेची गरजच नव्हती, मी आधीच गप्प बसलेला होतो.

महिना संपायला चार दिवस असताना इंजिन सुरू झालं. दुसऱ्याच फिरकीला. भाऊजींनी दोन्ही हात बॉनेटच्या कडेवर ठेवले आणि तसेच उभे राहिले. मला त्यांचा हेवा वाटला, खरं सांगतो.

आता टायमिंग लावायचं राहिलं होतं. ठिणगी जितकी लवकर पडेल तितका जोर वाढतो, पण एका हद्दीपुढे गेलं की आत पेट्रोलचा अवेळी भडका उडतो आणि बारीक खडखड येते. डब्यात चार खिळे हलवावेत तशी. ती ऐकू आली की केसभर मागे यायचं आणि बोल्ट आवळायचा. कारखान्याच्या खुणा अशा बदललेल्या इंजिनाला लागू पडत नाहीत. भाऊजींनी जन्मभर हे काम कानाने केलं आणि त्या वेळी शेजारी कुणाला बसू दिलं नाही. शेजारच्याच्या श्वासाचाही आवाज होतो म्हणत.

त्या सकाळी मात्र ते पत्र्याजवळ आले आणि म्हणाले, "तू चल."

मला वाटलं, कौतुकाला माणूस हवाय. अशा वेळी मला असंच काहीतरी वाटतं.

पाण्याच्या टाकीमागे लांब चढ आहे. पहिल्या फेरीला गाडी गुरगुरत वर गेली, काही नाही. भाऊजी उतरले, बॉनेट उघडून ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवला. दुसऱ्या फेरीला जोर वाढला, माझी पाठ सीटला चिकटली. पुन्हा उतरले, पुन्हा फिरवला. तिसऱ्या फेरीला चढाच्या मध्यावर मला खिळे ऐकू आले. अगदी बारीक.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. "वाजतंय?"

कानसेन मला विचारत होते. वीस वर्षांत पहिल्यांदा. माझ्या मनात काय काय येऊन गेलं. माझी परीक्षा घेतायत. थट्टा करतायत. हो म्हणालो तर विचारतील, मग मला कसं नाही आलं? आणि मग ताईची शपथ, ते चार महिने, सगळंच.

"नाही," मी म्हणालो.

ते उतरले आणि अजून थोडा फिरवला. चौथ्या फेरीला डबा चांगलाच खुळखुळायला लागला. लहान पोरालाही कळलं असतं.

"आता?"

"नाही भाऊजी. मस्त चाललंय."

माझ्या डोक्यात एक युक्ती होती. उद्या सकाळी ते चहाला गेले की मी गुपचूप जाऊन डिस्ट्रिब्युटर मागे फिरवून ठेवणार होतो. कुणाचं काही दुखावणार नव्हतं. इतका मी शहाणा.

पण भाऊजी खुशीत आले होते. "चल, मोठ्या रस्त्याने जरा फिरून येऊ," म्हणाले आणि गाडी खाली न वळवता सरळ काढली.

मी म्हणालो, हळू घ्या, इंजिन नवं आहे. ते हसले. "हळू जायला का बांधलंय?" त्यांनी पाय पूर्ण दाबला. मी हातांनी सीटची कड धरून बसलो होतो. खिळे आता थांबतच नव्हते आणि भाऊजी आनंदाने मान डोलावत होते. तोंड उघडलं असतं तर एका शब्दाचं काम होतं. दोनदा नाही म्हणून झालं होतं, आता हो कोणत्या तोंडाने म्हणू, असं वाटत राहिलं. पुढच्या चढावर आतून एक धक्का बसला, जोर गेला आणि आरशात निळा धूर दिसायला लागला.

गाडी दोरीने ओढून आणली.

दुसऱ्या दिवशी हेड उतरवून पिस्टन बाहेर काढले. दुसऱ्या पिस्टनच्या डोक्याला करंगळी जाईल एवढं भोक पडलं होतं. तिसऱ्याची कड किड्याने खाल्ल्यासारखी झाली होती. सिलिंडरच्या भिंतीवर खोल ओरखडे. शेडच्या मालकाची माणसं बाहेर टेप घेऊन जागा मोजत होती. भाऊजींनी चिंधीने पिस्टन पुसला आणि कडेवरून बराच वेळ अंगठा फिरवला. इंजिनाच्या बाबतीत त्यांच्यापासून काही लपवता येत नाही.

"हे वाजूनच झालंय," ते म्हणाले. "चांगलं वाजलंय. तुला येत होतं ऐकू?"

"हो."

"तिसऱ्या फेरीपासून?"

"हो."

मी शिव्यांची वाट पाहत होतो. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला दोन वर्षं बारीक आवाज येत नाहीत," ते म्हणाले. "तुझ्या ताईला वाटतं मला माहीत नाही. ती बेल ऐकून दार उघडते आणि मलाच सांगते, तुम्ही झोपला होतात म्हणून. मीही हो म्हणतो. म्हणून तर तुला शेजारी बसवलं. दोनदा विचारलं मी तुला."

त्यांनी उरलेले दोन धड पिस्टन त्याच बनियनमध्ये गुंडाळले. दोन पिस्टनचं काहीच होत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी त्यांनी नीट घडी घातली.

मी म्हणालो, "चुकलं माझं, भाऊजी."

"काय?" त्यांनी मान माझ्याकडे कलती केली, बॉनेटकडे करायचे तशी. "मोठ्याने बोल. मला ऐकू येत नाही."

हे वाक्य त्यांनी आजवर कुणालाही म्हटलं नव्हतं. आणि मला ते पुन्हा मोठ्याने म्हणता आलं नाही.