टॉवेल घातलेली खुर्ची

मंडळी, आज दुपारी आमच्या फिल्म क्लबात जुना कृष्णधवल सिनेमा दाखवला. त्यात पाटील परगावी असला, तरी गाव त्याच्या रिकाम्या खुर्चीला वाकून नमस्कार करतं.

सुरू होण्याआधी हुपरीचे एक आजोबा पुढच्या खुर्चीत बसले. कार्यकर्ता म्हणाला, "पावणं, उठा की. साहेबांची जागा हाय." सभागृह भरलेलं, म्हणून ते पायरीवर बसले. साहेब आलेच नाहीत. पांढरा टॉवेल घातलेली ती खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली.

नंतर मी संस्कृत वचनांची फोडणी देत खुर्चीचं प्रतीक उलगडलं. टाळ्याही पडल्या. आजोबांना विचारलं, "समजलं ना?"

"व्हय की. गुडघ्यास्नी आधीच समजलंय."

'बसा त्या टॉवेलावर' असं आम्हा शहाण्यांपैकी कुणालाच म्हणवलं नाही. तुम्ही म्हणाला असता?