अडलेला शब्द

ल्युपस या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्था शरीरावरच उलटते, कधी मेंदूवरही. अशा रुग्णांना नेहमीचे शब्द का सापडत नाहीत, यावर मी संशोधन करते. पद्धत ठरलेली आहे. चित्र दाखवायचं, नाव विचारायचं, गुण मांडायचा.

काल एका शिक्षिकाबाईंना कंगव्याचं चित्र दाखवलं. शब्द येईना. "अहो, ते हे..." म्हणत त्या शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे वळल्या. त्याने खिशातून कंगवा काढून समोर धरला.

"टक्कल पडलं, तरी कंगवा सुटत नाही यांचा!" बाई म्हणाल्या, आणि शब्द आल्याचं कळून स्वतःच चमकल्या.

मदत मिळाली, म्हणून नियमाप्रमाणे मी शून्य मांडलं. पण आपली निम्मी घरं 'ते हे'वरच चालतात. समोरच्याला कळलं की शब्दाचं काम झालं. आठवण एकाच डोक्यात असते असं धरून मी मोजते, ते कितपत खरं?

"मला पुन्हा वर्गावर जायचंय," बाई हळूच म्हणाल्या. "पण तिथे हे नसणार. अडले तर?"

"पोरं असतील की," नवरा म्हणाला. "तू अडायचा अवकाश, सगळा वर्ग ओरडून सांगेल."