वाकडा खांब

२०२२ साल होतं आणि मला एकाहत्तरावं लागलं होतं. त्या साली आमच्या गावात नामदेव ड्रायव्हर दिसंल त्या माणसाला एक डोळा झाकायला लावायचा. लोह्याच्या रोडला बालाजीचं चहाचं हाटेल आहे, त्याच्यापुढं बाकडं. तिथं कुणी टेकलं की नामदेव हात आडवा करायचा. "थांब. चहा मागून पी. आधी उजवा डोळा झाक आणि समोरचा लाइटीचा खांब कसा दिसतो ते सांग. आता डावा झाक." लग्नाची पत्रिका वाटायला आलेला पाहुणासुद्धा त्याच्या हातून सुटला नाही. लोक हसायचे. मी तर शिव्या द्यायचो.

नामदेवनं सारा जन्म एसटी चालवली. देगलूर, नांदेड, लातूर, सगळे रस्ते तोंडपाठ. गाडीला कधी ओरखडा नाही. रिटायर झाल्यावर एके दिवशी दाढी करताना त्याच्या उजव्या डोळ्यात साबण गेला. डोळा मिटला, तर समोरचा आरसाच गेला. डावा डोळा उघडा होता, पण त्यात नळीतून बघावं एवढाच उजेड उरलेला. काचबिंदू. कधीपासून होता ते डॉक्टरलाही सांगता येईना. दुखलं नाही, खुपलं नाही, लालसुद्धा झालं नाही.

तो मला म्हणायचा, "मिस्त्री, दोन डोळे म्हणजे एका घरातले दोन भाऊ. एक बसून खायला लागला तरी दुसरा त्याचं काम ओढतो, बोलत नाही. घराला कळतं ते थेट वाटणीच्या दिवशी."

तेव्हापासून त्याला वाचायचं याड लागलं. मोबाइलमधली अक्षरं हरभऱ्याएवढी करून तो डोळ्याच्या, शुगरच्या, झोपेच्या, चालण्याच्या बातम्या वाचायचा आणि सकाळी बाकड्यावर येऊन सांगायचा, "नवं संशोधन आलंय." पोरांना उन्हात खेळू द्या, घरात कोंडल्यानं त्यांचा नंबर वाढतो म्हणतेत. बिडी सोडा, ती डोळ्याच्या पडद्याला पण जाळते. पालक खा, मेथी खा.

बालाजी गाळणी आपटत म्हणायचा, "काका, हे तर माझी बायको फुकट सांगती. त्याला शास्त्रज्ञ कशाला पायजेत?"

दुसरा म्हणायचा, "मागं अंडं वाईट होतं, आता चांगलं झालं. अंड्यानं मधी काय पुण्य केलं?"

नामदेव चिडायचा नाही. "रस्ता हाय तिथंच असतो रे. वळणाची पाटी मागून लावतेत. पाटी नव्हती म्हणून वळण नव्हतं का?"

मी चौथीत शाळा सोडली आणि बापाच्या हाताखाली थापी धरली. गवंडीकाम केलं. या गावातली निम्मी घरं माझ्या हातची, बालाजीचं हाटेल पण. माझी नजर म्हणजे ओळंबा, असं लोक म्हणायचे आणि ते खरं होतं. भिंत सूतभर कलली तरी मला लांबून टोचायची. शुगर होती बारा वर्षांची, पण गोळी आठवली तर घ्यायची, न्हाई तर न्हाई. अशा माणसानं कुणाच्या सांगण्यावरून भर रस्त्यावर डोळा का झाकावा? बरेच महिने मी नामदेवला दाद दिली नाही.

एकदा त्याची कटकट बंद व्हावी म्हणून झाकला उजवा. खांबाकडं पाहिलं. खांबाला मधोमध पोट आलेलं.

"वाकलाय खांब," मी म्हणलो. "बुडातला मुरूम खचला असंल. लाइनमनला सांगा, पडंल कुणाच्या तरी अंगावर."

बालाजी चहा सोडून बाहेर आला. "आबा, खांब सरळ हाय की."

"तू मला सरळ शिकवतो का? तुझं हाटेल कुणी बांधलं?"

मी हट्टाला पेटलो. रोज एक डोळा झाकून बघायचो, रोज खांब वाकडा. शेवटी मीच बालाजीला सांगून लाइनमनला फोन लावला. तो बिचारा लोह्याहून आला, खांबाभोवती फिरला, वर पाहिलं, खाली पाहिलं. "आबा, खांबाला काय धाड भरली न्हाई. उन्हाचं जरा घरी बसत जावा." सगळं बाकडं हसलं. नामदेव तेवढा हसला नाही.

"मिस्त्री," तो म्हणाला, "घरी जा आणि तुझा ओळंबा आण."

मी आणला. त्याला वाटलं असंल मी लाजंल. मी तर सगळ्यांची तोंडं बंद करायला आणला होता. नामदेवनं तो हाटेलाच्या छपराच्या दांडीला टांगला. गोळा हलायचा थांबू दिला. मग म्हणाला, "खांब राहू दे. उजवा झाक अन् तुझ्या दोरीकडं बघ."

दोरी मधून वाकली होती.

खाली वजन टांगलेलं असताना दोरी वाकत नाही. बापानं मला सगळ्यात आधी शिकवलं ते हेच, की माणूस खोटं बोलंल, भिंत फसवंल, पण ओळंबा फसवायचा नाही. मी डोळा उघडला, दोरी सरळ. झाकला, वाकडी.

"वारा हाय," मी म्हणलो.

"वारा न्हाई, मिस्त्री," नामदेव हळूच म्हणाला. त्यानं ओळंबा काढला, दोरी नीट गुंडाळली आणि माझ्या खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो मला नांदेडला घेऊन गेला. गाडीत तो कायम ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचा, खिडकी मला द्यायचा. दवाखान्यात डोळ्यांत औषध घालून तासभर बसवलं, मग मशीनवर फोटो काढले. डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. तिनं फोटो दाखवला. लालपिवळा गोळा आणि त्यात मुळ्यांसारख्या नसा. "आजोबा, शुगरमुळं या नसा झिरपतायत. डाव्या पडद्यावर सूज आहे. गेलेली नजर सगळी येणार नाही, आहे ती धरून ठेवू. पण इंजेक्शनची तारीख चुकवायची नाही आणि शुगर आवरायची."

मला सगळं कळलं. छपरात ओल झिरपली की भिंतीला पोट येतं. फक्त या वेळी माझ्या स्वतःच्या घरात झिरपत होतं.

नामदेवनं तेवढ्यात आपलं काढलं. "मॅडम, डोळ्याच्या फोटोवरून दिल पण कळतं म्हणे. नवं संशोधन हाय. माझा बघता का?"

ती हसली. "काका, त्याच्यावर अभ्यास चालू आहे. पण तुम्हाला काही त्रास होत असेल तर फोटोवर राहू नका, छातीच्या डॉक्टरला दाखवा. त्रास होतोय का?"

"थोडं पित्त असतंय," नामदेव म्हणाला. "दाखवतो पुढच्या फेरीला."

पुढच्या फेरीला त्यानं दाखवलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यातच दिवस जायचा. सुई डोळ्यात जाताना दुखत नाही, पण ती येताना दिसते. मग पट्टी, थेंब, घर. महिना झाला की परत तीच गाडी, दवाखान्यातलं तेच बाकडं, तीच रांग. दोरी थोडी सरळ व्हायची, परत वाकायची. उन्हाळा आला तोपर्यंत मी पार थकून गेलो होतो.

एका सोमवारी बाकड्यावर मी नामदेवला सांगितलं, "परवा मी येणार नाही. पुरे झालं. आता मला कुठं बंगले बांधायचेत? राहिलंय किती?"

"राहिलंय तेवढं बघत काढायचं का चाचपडत, तेवढं सांग."

"तू तुझी छाती दाखव आधी. मग मला शहाणपण शिकव. साऱ्या गावाचे डोळे तपासतो अन् स्वतःचं पित्त म्हणतो."

त्यानं छातीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "बरं. परवा तू सुईला चल, मी त्याच फेरीत छाती दाखवतो. झालं?"

"मी येत न्हाई म्हणलो ना."

"येशील," तो म्हणाला. "तू हट्टी हाईस, पण ओळंब्याचं ऐकतोस."

मंगळवारी पहाटं दात घासता घासता तो मोरीत बसला तो उठलाच नाही. दुपारी त्याला नेलं. सरण रचताना कुणीतरी लाकडं तिरकी लावत होतं. मी त्याला बाजूला करून ती सरळ लावली. तेवढंच माझ्या हातात होतं. हाटेल दिवसभर बंद होतं. येताना बाकड्यापाशी थांबलो, तर बालाजी कुलपाजवळ उभा. "आबा, एवढं वाचायचा माणूस," तो म्हणाला आणि त्यानं लावलेलंच कुलूप परत ओढून बघितलं. खांब उभाच होता.

बुधवारी सकाळी मी अंघोळ केली, धोतर नेसलो. बायको म्हणाली, "आज कुठं? गावात दुखवटा हाय. तिसरा तरी होऊ द्या, लोक काय म्हणतील?"

"तारीख आजची हाय," मी म्हणलो.

ओळंबा चौकटीच्या खिळ्याला टांगला आणि उजवा डोळा झाकला. दोरी मागच्यापेक्षा जास्त वाकली होती. ओळंबा तिथंच राहू दिला, शुगरची गोळी घेतली आणि रोडवर आलो. नांदेडची पहिली गाडी आली. ड्रायव्हरच्या मागची सीट रिकामी होती. मी त्याच्या जागेवर बसलो, खिडकी मोकळी ठेवली.