रापणीबाहेरची शिट्टी

यंदा फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, मालवणच्या दक्षिणेकडच्या एका वाडीच्या किनाऱ्यावर, सकाळी रापण ओढली जात असताना डॉल्फिनचं एक पिल्लू जाळ्याच्या आत राहिलं. त्याची आई बाहेर राहिली. रापण म्हणजे गावाने मिळून किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. त्याच्या दोन दोऱ्यांपैकी एकीला ओढणाऱ्यांमध्ये मीही होतो.

बुऱ्हानपूरहून निघालो ते भाचीला, वर्षाला, भेटायला. ती बुऱ्हानपूरजवळच्या निंबोल्याची. वडिलांची केळीची बाग आहे. सध्या ती कोकणात राहून डॉल्फिन एकमेकांशी कसा आवाज करतात, याचा अभ्यास करते. घरात हे काम कोणाला नीट सांगता येत नाही. कोणी विचारलं तर तिची आई म्हणते, "समुद्रावर नोकरी आहे." पावसाळ्यापूर्वी हाती काही ठोस आलं नाही तर हे काम थांबणार होतं, आणि पुढे शाळेत शिकवायचं असं घरात ठरलं होतं. तिच्याकडे एकदा जाऊन या, असं बहिणीने सांगितलं.

रात्रीच्या गाडीने कल्याण, तिथून पनवेल, पनवेलहून कोकण रेल्वेने कुडाळ. सोबत दराब्याचा, म्हणजे बुऱ्हानपूरच्या रवा-तुपाच्या मिठाईचा, डबा आणि शेतातली केळी होती. दराबा नीट पोचला. केळ्यांच्या पिशवीवर पनवेलनंतर एका सहप्रवाशाने लोखंडी पेटी ठेवली. कुडाळला पिशवीतून रस गळत होता.

वर्षा ज्यांच्याकडे भाड्याने राहते त्या शेवंतीकाकींनी पिशवी उघडून पाहिली. वय साठीच्या पुढचं, नेसूचं लुगडं वर खोचलेलं.

"खंयसून हाडलास ही?" (कुठून आणलीत ही?)

"बुऱ्हानपूरहून. तापीच्या काठाला आमचं गाव."

"इतक्या लांबसून केळी हाडलास? हंय काय केळी नाय गावणत?" त्यांनी त्यातली बरी केळी वेगळी काढली आणि उरलेल्यांचं संध्याकाळी गूळ घालून शिकरण केलं. शिकरण चांगलं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्षाने मला होडीतून खाडीच्या तोंडाशी नेलं. समुद्र शांत होता, रंग मातकट हिरवा. इथले डॉल्फिन किनारा सोडून फार लांब जात नाहीत. रंग करडा, पाठीवर कुबड, कुबडावर लहानसा पर, म्हणजे पाठीवरचा पंख. ते उड्या फारशा मारत नाहीत. पाठ वर येते, श्वासाचा फुस्स असा आवाज होतो आणि पाणी पुन्हा सपाट होतं.

वर्षाने माईक वायरने पाण्यात सोडला आणि हेडफोन माझ्या कानांना लावले. आधी फक्त तडतड ऐकू आली, फोडणीत मोहरी उडावी तशी. ती तळाशी राहणाऱ्या लहान कोळंब्यांची, असं तिने सांगितलं. मग टक टक असा कोरडा आवाज आला, जलद होत गेला आणि एकसंध करकर झाली.

"हा शिकारीचा. आवाज फेकून, तो कशावर आपटून परत येतो ते ऐकतात. याने त्याले मासा कुठं ते कळते," वर्षा म्हणाली. "आता थांबा मामा. बोलू नका."

करकर थांबली. एक बारीक शिट्टी आली, वर चढली, मध्ये वळली आणि खाली उतरली.

वर्षाने सांगितलेलं थोडक्यात असं. डॉल्फिनच्या एका दुसऱ्या जातीत प्रत्येकाची स्वतःची शिट्टी असते, हे नक्की झालेलं आहे. पिल्लू लहानपणीच ती बनवतं आणि आयुष्यभर तीच ठेवतं. दुसऱ्याला हाक मारायची तर कधी कधी त्याच्या शिट्टीची नक्कल करतात. या कुबडवाल्या जातीबद्दल एवढं ठामपणे सांगता येत नाही. कळपात पाचसहाजण एकत्र असले की पाण्याखाली शिट्टी कोणाची हे कळत नाही. डॉल्फिन तोंड उघडत नाही. आवाज कपाळाच्या भागातून निघतो.

"मग कळणार कसं?"

"एकटं असलं तर. आई आणि पिल्लू दूर झाले तर दोघं शिट्टीवर शिट्टी देतात. पण हे लोकं पिल्लाले एकटं सोडतच नाही ना. आई शिकारीले गेली तर दुसरी मादी सांभाळते. आपल्या निंबोल्यासारखंच. मी दोन हंगाम झाले, याचीच वाट पाहू राहिली."

त्या दिवशी तिने मला एक मादी दाखवली. पराच्या मागच्या कडेला दोन खोल खाचा, कात्रीने कापल्यासारख्या. वर्षा तिला कातरी म्हणते. तिच्या कुशीला लागून पिल्लू पोहत होतं. आईबरोबर वर, आईबरोबर खाली. परत येईपर्यंत त्यांच्यात हातभराहून जास्त अंतर पडलेलं दिसलं नाही.

रापण लागली ती त्यानंतरच्या सकाळी. जाळं होडीतून अर्धगोलाकार सोडलेलं होतं आणि दोन्ही दोऱ्यांवर बायका-पुरुष रांगेने उभे होते. रापणीचे प्रमुख जयवंत तांडेल. उंच, कमरेला पंचा, हातात काठी. जाळं कसं येतं ते पाहत ते दोन दोऱ्यांच्या मधोमध फिरत होते. शेवंतीकाकी जवळच्या दोरीला होत्या. त्यांनी मला मोकळ्या हातांनी उभं पाहिलं.

"पावण्यानू, बघत काय ऱ्हवलास? धरा."

मी दोरी धरली. ओल्या दोरीने तळवे लगेच सोलवटले. थोड्या वेळाने काकींनी विचारलं, "मासळी खातास काय?"

"नाही."

"खायत नाय?" त्यांनी रांगेकडे वळून ही बातमी सांगितली. "ह्यो खायत नाय आणि दोरी ओढता. वाटो कोणाक देतलास?"

पद्धत अशी, की ज्याचा हात दोरीला लागला त्याचा जाळ्यातल्या मासळीत वाटा. वाडीतला असो वा वाटसरू. हे मला तेव्हा कळलं.

वर्षा जाळ्याबाहेर थोड्या अंतरावर होडीत होती, माईक पाण्यात सोडून. रापणीत मासळी कोंडली की डॉल्फिन कडेला येतात, म्हणून ती अशा दिवशी तिथे थांबते. त्या दिवशीही कळप आला. जाळं निम्मं आत आलं तेव्हा कळप बाहेरच्या बाजूने पुढे सरकला. एक लहान पाठ मात्र जाळ्याच्या आतल्या बाजूला वर आली. पुन्हा आली. तिच्या समोर, जाळ्याच्या वरच्या काठाच्या तरंगत्या दोरीपलीकडे, दोन खाचांचा पर पाण्याबाहेर दिसला.

माझा फोन वाजला.

"मामा, पिल्लू आत आहे. कातरी बाहेर आहे. दिसू राहिली ना तुम्हाले?"

"दिसतेय."

"तिची शिट्टी येऊ राहिली. एकच शिट्टी. परत परत तीच. आतूनही एक येते, वेगळी." फोनमध्ये होडीवर आपटणारं पाणी ऐकू येत होतं. बाकीचा कळप लांब गेला होता. आई इथे आणि पिल्लू तिथे, अशी वेळ तिला दोन हंगामात मिळाली नव्हती. जाळं जितका वेळ असंच राहील तितकं तिचं काम पक्कं होणार होतं.

"मामा, त्यांना सांगा जाळं थांबवा. वरची दोरी पाण्यात दाबा. ते वरून निघून जाईल."

"आणि तुझं रेकॉर्डिंग?"

"मामा, जाळं अजून आवळलं तर ते त्यात गुंतेल. श्वास घ्यायले वर नाही आलं तर मरेल. तुम्ही सांगा ना त्यांना."

मी तांडेलांना सांगितलं. त्यांनी काठी वर केली. दोन्ही दोऱ्या थांबल्या.

"दोरी दाबली तर मासळी जातली," ते म्हणाले. "चेडवाचा (पोरीचं) म्हणणा माका कळला. पण ता होडयेत आसा. दोरयेक हात नाय तेचो. वाटो ह्या सगळ्यांचो, तर सांगूक होया ह्येंनी." मग माझ्याकडे वळून, "तुमचो हात आसा. तुमी सांगा."

मी म्हणालो, "दाबा."

"तेका काय जाता सांगूक?" काकी म्हणाल्या. "तो खायतच नाय." काहीजण हसले.

त्यात खोटं काही नव्हतं. तांडेलही थोडे हसले आणि त्यांनी पुढच्या माणसाला विचारलं नाही. काकींना विचारलं. काकींच्या घरात त्या आणि सून. मुलगा गोव्याला ट्रॉलरवर असतो. आठवड्यात रापण एकदाच लागली होती आणि या खेपेला जाळं जड येत होतं, हे दोरी धरलेल्या प्रत्येकाला हाताने कळत होतं.

काकींनी पाण्याकडे पाहिलं. खाचांचा पर दोरीच्या कडेने डावीकडे गेला, वळला, उजवीकडे आला.

"माझ्या कानाक काय ऐकाक येणा नाय," त्या म्हणाल्या. "पण ती फिरता ता दिसता मा. दाबा."

मग तांडेलांनी बाकीच्यांना विचारलं. मागून एकाने "निदान अर्धी तरी ओढून घेव" असं म्हटलं. काकी त्याला म्हणाल्या, "गप रे बाबल्या, तुझी आवस अशी फिरली असती काय तुझ्यासाठी, इचार तिका." बाबल्याची आई पलीकडच्या दोरीवर होती. ती म्हणाली, "मी नसतंय फिरलंय." हसण्यातच होकार आला.

चार पुरुष छातीभर पाण्यात गेले आणि तरंगती दोरी त्यांनी पायाखाली दाबली. पिल्लू गेलं नाही. ते दुसऱ्या टोकाला सरकलं. मासळी बाहेर जाऊ नये म्हणून कडेचे लोक सवयीने पाणी आपटत होते. वर्षाचा फोन चालूच होता. "आपटू नका म्हणा. त्याले आईचा आवाज कळू राहिला नाही." मी तसं ओरडून सांगितलं. पाणी आपटणं थांबलं.

खाचांचा पर दाबलेल्या दोरीजवळ आला आणि तिथेच थांबला. लहान पाठ त्या दिशेने एकदा वर आली, पुन्हा आली आणि तिसऱ्या वेळी दोरीच्या पलीकडे आली. दोन्ही पाठी एकदम खाली गेल्या. पुन्हा वर दिसल्या तेव्हा त्या बऱ्याच लांब आणि एकमेकींना लागून होत्या.

जाळं किनाऱ्याला लागलं तेव्हा त्यात बांगडे होते, पण एरवीच्या मानाने फार कमी. वाळूवर वाटे मांडले. मलाही एक मिळाला, ओंजळीत मावेल एवढा. तो मी शेवंतीकाकींना दिला. त्यांनी नको म्हटलं नाही.

वर्षा किनाऱ्याला आली आणि हेडफोन गळ्यातच ठेवून वाळूवर बसली. नीट मिळालं का, असं मी विचारलं. "आत्ताच नाही सांगता येणार," ती म्हणाली. तिने दराब्याचा डबा मागितला आणि दोन घास खाल्ले. संध्याकाळी निंबोल्याला फोन लावून तिने आईला एवढंच विचारलं, केळीला पाणी दिलं का.

मी चौथ्या दिवशी निघालो. बुऱ्हानपूर स्टेशनवर सकाळी उतरलो तेव्हा तळव्यांच्या साली अजून निघत होत्या. घरी जाताना रस्त्यात पॉवरलूम सुरू झाले होते. बहिणीला काय सांगायचं, याचा विचार गाडीत केला होता. पोरगी ज्या कामासाठी तिथे थांबली आहे, ते काम तिने त्या सकाळी स्वतःच मध्ये थांबवलं, एवढं मी सांगितलं. बहिणीने विचारलं, "मंग आता?"

त्यानंतरच्या आठवड्यात वर्षाचा फोन आला. तिने रेकॉर्डिंग पूर्ण तपासलं होतं. पिल्लू आत होतं तोवर बाहेरून येणारी शिट्टी एकाच वळणाची होती, आणि आतून येणारी दुसऱ्या. दोन्ही आवाज पाण्यातल्या तडतडीतूनही स्पष्ट ऐकू येतात. पावसाळ्यापूर्वी दाखवायला एवढं ठोस पुरेसं आहे, असं ती म्हणाली. पिल्लू दोरीच्या पलीकडे गेल्यानंतरही माईक बराच वेळ पाण्यात होता. त्या भागात कातरीची ती शिट्टी एकदाही नाही.