आईने तपासलेलं हाकोदाते

जपानला लोक चेरीची फुलं बघायला जातात. मी गेले ती आईला एक शहर दाखवायला. शहराचं नाव हाकोदाते. जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाच्या दक्षिण टोकाला असलेलं हे बंदर. तिथल्या एका विद्यापीठाने मला मासळी टिकवण्याच्या शास्त्रात दोन वर्षांच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देऊ केली होती. मुलाखत प्रत्यक्ष व्हायची होती आणि माझं तिकीट ते देणार होते. प्रश्न घरचा होता.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. बाबा मिरकरवाडा बंदरातल्या एका मच्छीमार लाँचवर इंजिन सांभाळतात, आई रत्नागिरीच्या बाजारात मासळी विकते. बाबांनी दोन शब्दांत हात झटकले, "आयशीला विचार." आई म्हणाली, "न बघता मी काय सांगू? मी डोळे मिटून मासळी घेत नाय." परदेशी बोटीवर नोकरीला असलेल्या मामाने हे फोनवर ऐकलं आणि हसत हसत तिचं तिकीट काढून दिलं. म्हणजे ही सहल नव्हती, तपासणी होती. आई 'हो' म्हणाली तर जायचं, नाहीतर पापलेट मोजत बसायचं.

तर ऑक्टोबर २००७ ची अखेर. टोकियोहून विमानानेही जाता येतं, पण मी रेल्वे निवडली. परदेशी प्रवाशांना रेल्वेचा पास मिळतो, तो भारतातूनच घेऊन जा, तिथे पोचल्यावर आठवून उपयोग नाही. आधी बुलेट ट्रेन, मग दुसरी गाडी, एकूण सहा तास. वाटेत गाडी समुद्राच्या तळाखालून जाते. हे मी आईला मोठ्या उत्साहाने सांगितलं.

"वर पाणी हाय?" तिने छताकडे बघितलं.

"हो. आख्खा समुद्र."

"मग मासे वरनं जातायत आणि आपण खालनं." पुन्हा वर बघून म्हणाली, "छान हाय गो."

मी मनात एक गुण लिहून ठेवला.

स्टेशनवर मियुकी आली होती, प्राध्यापक ओनो यांची विद्यार्थिनी. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच, म्हणजे दोघींना एकमेकींचं छान समजायचं. नऊवारी नेसून वर मामाचं बोटीवरचं जाड जाकीट घातलेल्या आईला बघून ती कमरेत वाकली. आईला वाटलं तिचं काहीतरी खाली पडलं. तीही वाकून शोधायला लागली. दोघी बराच वेळ खाली बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी संकष्टी. हे मी तिकिटं काढताना बघितलं नव्हतं, आईने मात्र निघण्याआधीच बघून ठेवलं होतं. उपास करून ती ट्रामने हिंडली. हाकोदातेला ट्रामचा दिवसभराचा पास घ्या. सहाशे येन, म्हणजे साधारण दोनशे रुपये. दिवसभर चढा-उतरा. चालक टोपी घालून, पांढरे हातमोजे घालून, प्रत्येक थांब्याचं नाव असं हळुवार सांगतो की आमच्या एस.टी.च्या कंडक्टरने ऐकलं तर नोकरी सोडेल.

ट्रामने गोर्योकाकूला गेलो. ताऱ्याच्या आकाराचा किल्ला, भोवती पाण्याचा खंदक, शेजारी उंच मनोरा. खालून किल्ला बघितला तर नुसती बाग दिसते, त्यामुळे मनोऱ्याचं तिकीट काढावंच लागतं. आईचं माहेर अंजनवेल, समुद्रकाठच्या गोपाळगडाच्या सावलीतलं. किल्ल्याबद्दल तिची मतं पक्की.

"हा समुद्रापासून एवढा आत कशाला बांधलान?"

मियुकीने इतिहास सांगायला सुरुवात केली. मी भाषांतर केलं. तोफा, लढाई, पराभव.

"म्हंजे हरलेच ना," आई म्हणाली. मग लाल झालेल्या झाडांकडे बघून, "पण छान हाय."

दुसरा गुण.

संध्याकाळी हाकोदातेच्या डोंगरावर. रोपवेने जायचं, जाऊन-येऊन साडेअकराशे येनच्या आसपास. तिथला दिव्यांचा देखावा जगात नावाजलेला आहे म्हणे. दोन्ही बाजूंना काळा समुद्र आणि मधे कमरेत आवळलेल्या घागरीसारखं, दिव्यांनी भरलेलं शहर. ऑक्टोबरात पाचच्या आत अंधार पडतो, तेव्हा चार वाजता वर पोचा आणि कठड्याजवळची जागा धरा. वारा असा की कान आहेत की नाहीत ते चाचपून बघावं लागतं.

शेकडो माणसं कॅमेरे घेऊन शहराकडे तोंड करून उभी. एकटी आई त्यांच्याकडे पाठ करून, आकाशात बघत. तिला चंद्र हवा होता. आजूबाजूचे काहीजण, ही बाई काय बघते आहे म्हणून, तेही वर बघायला लागले. जवळजवळ दोन तासांनी पूर्वेच्या ढगांतून चंद्र निघाला. आईने बाटलीतल्या पाण्याचं अर्घ्य दिलं. ते वाऱ्याने एका आजोबांच्या बुटांवर गेलं. आजोबांनीच वाकून माफी मागितली.

नैवेद्याला मी दुकानातून पाव आणले होते, आत गोड लाल चवळीसारखं सारण भरलेले. आईने तोडून बघितला. "हे पुरण हाय गो! यांनी मोदक करायचा सोडून पाव केला." गणपतीला दाखवून तिने तीन खाल्ले. मग कुठे वळून दिवे बघितले.

"छान हाय. दिवाळीसारखं."

मला वाटलं, जिंकलं. त्या रात्री मी झोपेत जपानी बोलले असणार.

तिसऱ्या दिवशी सकाळचा बाजार. स्टेशनच्या शेजारीच भरतो, पहाटेपासून दुपारपर्यंत. सातला पोचा. भातावर कच्ची मासळी रचलेला वाडगा हजार-दीड हजार येनपर्यंत मिळतो. एका ठिकाणी हौद आहे, त्यातलं जिवंत माकूल, म्हणजे स्क्विड, गळाने तुम्हीच काढायचं, ते लगेच चिरून देतात आणि तिथेच कच्चं खायचं. मी खाल्लं. तोंडातही ते हलत होतं. शिक्षणासाठी माणूस काय काय करतो.

आई मात्र एका म्हातारीच्या पाटीसमोर थांबली आणि मी अडवायच्या आत तिने मोठ्या रावसासारख्या माशाचा कल्ला वर करून आत बघितलं. रत्नागिरीत कल्ला न बघता मासा घेणाऱ्याला वेडा म्हणतात. तिथे हात लावणाऱ्याला म्हणत असावेत. म्हातारी फटाफट बोलायला लागली. मियुकी लाल झाली.

"काय म्हणते?" आईने विचारलं.

"म्हणते, मासा ताजा आहे," मियुकीने सांगितलं तेवढं मी पुढे सांगितलं.

"एवढं बोलली आणि अर्थ एवढाच? शिव्या कळायला भाषा लागत नाय गो." मग म्हातारीकडे बघून मनापासून हसली. "छान हाय बाय तुझी मासळी. छान." आणि पुढे गेली.

मी तिथेच थबकले. लहानपणी शाळा सुटल्यावर मी आईच्या पाटीशेजारी बसायचे. गिऱ्हाईक ओळखायचं तिने मला तिथे शिकवलं होतं. "वा, छान मासळी" म्हणणारा रिकाम्या पिशवीने पुढे जातो. जो "डोळे बसलेत, हा कालचा, एवढा महाग?" करतो, तो घेणार. नावं ठेवणाऱ्यालाच घ्यायचं असतं.

आणि आई तीन दिवस म्हणत होती, छान हाय. बोगदा छान, किल्ला छान, दिवे छान. मी मूर्खासारखी गुण लिहीत बसले होते.

त्या मनःस्थितीत दुपारी मुलाखत दिली. प्राध्यापक ओनोंनी विचारलं, हे शिकून काय करणार? मी पोटतिडकीने सांगितलं की आमच्या बाजारातल्या बायकांची उरलेली मासळी बर्फाअभावी फुकट जाते, ती टिकवायचा स्वस्त मार्ग शोधायचा आहे. आईने शेजारून विचारलं, "काय सांगितलंस?" मी सांगितलं. "माझी कधी उरली गो?" ती म्हणाली. ओनोंना भाषांतर हवं होतं. मी दिलं. ते पहिल्यांदाच मोठ्याने हसले. त्यांच्याकडून होकार होता. राहिली ती आई. "घरी जाऊन कळवतो," एवढंच तिने सांगितलं.

मग मियुकीने मुलींचं वसतिगृह दाखवलं. तिसऱ्या मजल्यावरची खोली, एक पलंग, एक टेबल, एक हीटर. मी दारातच उभी राहिले, आता 'छान हाय' ऐकायची तयारी करून.

आई पलंगावर बसली. दोनदा उसळून बघितलं.

"पाणी किती वाजता येतं?"

मियुकीला प्रश्नच कळेना. नळातून येतं, ती म्हणाली.

"ते दिसतंय. किती वाजता?"

पाणी कायमच येतं, हे पटवायला नळ पाच मिनिटं चालू ठेवावा लागला. मग आई खिडकीकडे गेली. "ही निम्मीच उघडते. वारा कुठनं येणार? पलंग अरुंद हाय, ही झोपेत लाथा मारते." खालच्या सामायिक स्वयंपाकघरात तिने सुरी उचलली, अंगठ्यावर धार बघितली. "हिने काय कापायचं, लोणी? आणि ह्या बाहेरच्या पायऱ्या. बर्फ पडला की पहिल्या दिवशी ही आपटणार."

मी बोटांवर तिच्या तक्रारी मोजायला लागले. मियुकी बिचारी दर वाक्याला माफी मागत होती.

"तिला विचार," आई म्हणाली, "हीच एक खोली हाय काय? दुसरी दाखव म्हणावं."

मी भाषांतर करायचं विसरून तिला मिठीच मारली. "अगो, सोड! लोकं बघतायत," ती ओरडली, पण हातातली सुरी सांभाळून बाजूला धरली.

शेवटच्या दिवशी युनोकावाला गेलो. तिथे ट्रामच्या थांब्याजवळ गरम झऱ्याच्या पाण्यात पाय सोडून बसता येतं, फुकट. टॉवेल आपला न्या. आई तासभर उठली नाही. तिथेही पाणी जास्त गरम आहे असं तिचं मत पडलं.

परत येऊन दोन आठवडे झाले. फोटो धुऊन आले. बहुतेक फोटोंत आई मधोमध आणि शहर तिच्यामागे, अर्धवट. मी सगळे दिवस तिचा चेहराच बघत होते. तेव्हा तुम्ही गेलात तर निदान एक दिवस एकटे हिंडा.

काल बाजारात तिच्यासोबत बसले होते. शेजारच्या पाटीवरच्या यमुनामावशीने विचारलं, कसं आहे गं ते गाव? आई अर्धा तास सांगत होती. भात चिकट. थंडी हाडात शिरते. खोली काडेपेटीएवढी, दुसरी दाखवली तीही तशीच. "आणि सगळी हळू बोलतात बाय. हिच्याशी भांडायला एक माणूस नाय. गप्प राहून राहून पोर आटून जाईल."

"मग कधी निघते?" यमुनामावशीने विचारलं.

"मार्चात," आई म्हणाली, आणि पाटीतल्या बांगड्यांवर पाणी मारायला लागली.

इतके महिने मी तिच्या नकाराला घाबरत होते. काल, त्या ओल्या फरशीवर बसून, मला पहिल्यांदा मार्चची भीती वाटली. मी तिच्या हातातलं भांडं घेतलं आणि उरलेल्या मासळीवर पाणी मारलं. "एवढं नको ओतू," ती म्हणाली. मी मुद्दाम ओतलं. मग आम्ही गिऱ्हाईक येईपर्यंत मन भरून भांडलो.