राणीच्या बगलेतली आग

पडदा वर जातो तेव्हा समोर देवळाची अग्रशाळा आहे, यात्रेकरू उतरतात ती. लांबट खोली, जमिनीवर चटया, चटयांवर पत्र्याचे पेटारे, पेटाऱ्यांच्या उघड्या झाकणांना टेकवलेले आरसे. बाहेर जत्रेत खाज्याची दुकानं लागली आहेत आणि कर्ण्यावरून कोणी तरी हरवलेल्या चपलेचा पुकारा करतो आहे. आत, जनेलातून येणाऱ्या मावळत्या उजेडात, एक गृहस्थ बसला आहे. कमरेखाली राणी, कमरेवर पुरुष. हिरव्या शालूच्या निऱ्या अगदी चोख, वर मात्र छातीवरचे पांढरे केस आणि हातात वस्तरा. एक हात आभाळाकडे उचलून तो आपली बगल तासतो आहे, तीही अशा तन्मयतेने की जणू पूजेचं तबक मांडतो आहे.

हा सगुण, इब्रामपूरचा. सकाळी काजूच्या बागेत कोयता चालवायचा आणि संध्याकाळी जत्राजत्रांतून दशावतारी नाटकात राणी व्हायचं, असा त्याचा जन्म चालला होता. पन्नाशी उलटली तरी त्याने पदर सावरला की पुढच्या रांगेतल्या बायका आपापले पदर तपासत. बगला तासणं ही त्याची शिस्त. टाकलेली राणी दोन्ही हात वर करून "नाथ!" म्हणते तेव्हा पोलक्याच्या बाहीतून केस डोकावले, तर प्रेक्षक रडायचं सोडून हसतात. म्हणून रंगपटात शालू नेसून झाला की अगदी शेवटी वस्तरा.

राजा होता गुरुदास, डिचोलीकडचा. दिवसा खाणीचा ट्रक चालवायचा, संध्याकाळी राज्य. त्याचा जांभळ्या मखमलीचा जरीचा अंगरखा हा अख्ख्या मंडळाचा अभिमान होता. पाणी लागलं तर जरीची तार काळी पडेल म्हणून तो कधी धुतला जात नसे. उन्हात घालायचा, झटकायचा, पेटाऱ्यात ठेवायचा. एवढा मान तर देवाच्या पालखीलाच मिळतो.

आता ह्या नाटकाची गंमत अशी की त्यात लिहिलेलं काहीच नसतं. चहा पिता पिता कथा ठरते, आणि पुढचं सगळं बोलणं ज्याच्या त्याच्या जिभेवर. त्यामुळे मनात असेल ते कधी रंगमंचावर सांडेल याचा नेम नाही. त्या मोसमात एकदा भर दरबारात राणी जवळ आली, राजाने नाक मुरडलं आणि तो गरजला, "प्रिये! तू प्रवेश केलास आणि माझ्या गजशाळेतले हत्ती उठून गेले. काय बरं लावलंस अंगाला?"

प्रेक्षक खदखदले. पेटीवाल्याची बोटं हसण्याने घसरली. हजरजबाबी सगुणने उलट टोला द्यायचं सोडून पदराआड आपलीच काख हुंगली.

दुसऱ्या दिवशी तो थेट म्हापशाच्या बाजारात गेला आणि सर्वांत उग्र वासाचा फवारा घेऊन आला. डब्यावर एक उघडा बलदंड तरुण होता, मागे विजा चमकत होत्या. त्या संध्याकाळी वस्तरा फिरवून झाला आणि ताज्या तासलेल्या बगलेवर सगुणने तो फवारा सोडला, एकदा इकडे, एकदा तिकडे. तेवढ्यात मृदंग वाजला. राणी मंचावर गेली, राजाने तिला वनात धाडण्याची आज्ञा ऐकवली, तिने हात वर केले आणि आतला वणवा पेटला.

"नाथ!" अशी किंकाळी फुटली की देवळाच्या पिंपळावरचे पक्षी उडाले. डोळ्यांतून धारा. राणी थरथरली, गोल फिरली, पदराने दोन्ही काखा वारा घालावा तशी झोडत धाय मोकलून रडली. म्हाताऱ्या हुंदके देऊ लागल्या. खेळ संपल्यावर मंडळाचे मालक अनंतदादा डोळे पुसत म्हणाले, "सगुणा, असला करुण रस माझ्या बापानेही बघूक नाय!"

झालं. रडणाऱ्या राणीची कीर्ती तेरेखोलच्या खाडीपलीकडे गेली. सुपाऱ्यांवर सुपाऱ्या. प्रत्येक खेळाला वस्तरा, फवारा, वणवा. आणि घरी सगुण दोन कानांच्या हंड्यासारखा हात बाहेर काढून चालू लागला.

"अहो, कोंबड्यासारखे पंख काय पसरता?" विनोदिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, एक दिवस त्याला अडवलं. "आणि हे बघा! माझ्या लग्नाचा शालू नेता तो नेता, त्याच्या पोलक्याच्या बगला पिवळ्या करून आणता?"

"कलेसाठी, विनू."

"कलेक रडू हवा तर कांदे कापा. हात वर करा बघू."

हात वर झाले. आत कोकमाच्या गरासारखी लाल कातडी, वर पुरळ. विनोदिनीने कपाळावर हात मारला आणि लेकीला हाक मारली. तनया फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने फवाऱ्याच्या डब्यामागची मुंगीएवढी अक्षरं फोनच्या उजेडात वाचली.

"बाबा, वस्तरा कधी फिरवता?"

"खेळाच्या आधी."

"आणि हे?"

"लगेच. थंड लागता ना पहिल्यांदा."

"बाबा! वस्तऱ्याने कातडीवर बारीक चिरा पडतात, आणि तुम्ही त्यावर स्पिरिट मारता! वरून हा सुगंध. पुरळ उठवण्यात त्याचा हात मोठा."

सगुणने मान खाली घातली. पण खरी अडचण त्याने लेकीला सांगितली नव्हती, ती आता सांगितली. पुढच्या आठवड्यात इब्रामपूरचीच जत्रा. अनंतदादांनी फलकावर "रडणारी राणी" असं रंगवून घेतलं होतं. मंडळात स्वप्नील नावाचा गोरा, कोवळा, बिनमिशीचा तरुण राणीच्या भूमिकेवर डोळा ठेवून होता. दादांनी साफ बजावलं होतं, "गावात रडलास तर राणी तूच. नाय तर पुढल्या मोसमापासून तू सासू."

"तीस वर्षांची राणी, तनया, आणि माझ्याच गावात सासू!"

"आधी कातडी, मग गादी," असं म्हणून तनया त्याला पेडण्याच्या औषधाच्या दुकानात घेऊन गेली. वाटेत सरकारी दवाखान्यात दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी मलम दिलंच होतं आणि पुरळ जाईपर्यंत बगलेला काही लावू नका म्हटलं होतं, पण जत्रेसाठी निवड करून ठेवायला हवी होती. दुकानदाराने काचेवर डब्या मांडल्या. सगुण चष्मा लावून प्रत्येकीकडे असा बघत होता, जसा वरपिता मुली बघतो.

"ही घ्या, संपूर्ण नैसर्गिक," दुकानदार म्हणाला.

तनयाने मागची बाजू वाचली. "ह्यात खाण्याचा सोडा आहे. पुष्कळांना चुरचुरतो. नको."

"हा खडा घ्या मग. अॅल्युमिनियम नाही."

"काका, ही तुरटी. तिच्यातच अॅल्युमिनियम असतं."

सगुणने खडा हातात घेऊन फिरवला. "म्हणजे माझ्या आज्याची दाढी करणाऱ्या म्हाल्याकडे होती तीच? आता डबीत बसली म्हणून तोरा?"

"अॅल्युमिनियम वाईटच, असं काही नाही बाबा," तनया म्हणाली. "घाम कमी करतं ते. लोक उगाच घाबरवतात. पण तुमची कातडी सोललेली आहे, आणि आईचं पोलकं पिवळं झालंय. तुम्हाला साधं हवं. सुगंध नको, स्पिरिट नको, सोडा नको. आणि आधी थोडे दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, खाज आली नाही तरच पुढे. वस्तरा आदल्या दिवशी."

शेवटी एक पांढरी, बिनवासाची, बिनचित्राची कांडी निघाली. ना तरुण, ना विजा. सगुणने ती नाकाशी धरली. काहीच नाही. त्याने दुकानदाराला हळूच विचारलं, "हिने रडू येता?"

"नाही हो, अगदी सौम्य आहे."

"मेलो मी," सगुण म्हणाला आणि त्याने कांडी घेतली.

जत्रेचा दिवस उजाडला. दहाच्या आत कर्णे बंद करावे लागतात म्हणून खेळ दिवेलागणीलाच सुरू झाला. पुरळ आता बसलं होतं. बगल शांत, निर्विकार. तनयाच्या हुकुमाने नेहमीची वासाची पावडरसुद्धा पेटाऱ्यातच राहिली होती. पुढच्या रांगेत विनोदिनी बसली होती आणि तिचं लक्ष कथेकडे कमी, शालूकडे जास्त होतं. राजाने आज्ञा ऐकवली. राणीने हात वर केले.

"नाथ!"

काही नाही. एक टिपूस नाही. सगुणने मेलेली आई आठवली, वानरांनी नासलेले काजू आठवले. डोळे खणखणीत कोरडे. "नाथ!" पुन्हा. मागून कुजबूज आली, "ही काय रडणारी राणी?" विंगेत स्वप्नील गजरा नीट करू लागला.

गुरुदास कितीही तिरकस असला तरी जातीचा नट होता. सोबती अडला आहे हे त्याने ओळखलं. एरवी हत्तींच्या त्या प्रसंगापासून तो राणीपासून वावभर लांब उभा राहायचा, पण आज वेळ काढायला तो दोन ढांगांत जवळ आला. "ये, अभागिनी, एकदा ह्या हृदयाशी ये!" असं म्हणत त्याने राणीचं डोकं आपल्या जांभळ्या मखमलीत घट्ट दाबून धरलं.

आणि सगुणला वास आला.

कित्येक मोसमांचा घाम, डिझेल, विडी आणि उन्हात पुन्हा पुन्हा तापलेली जर. आजवर त्याच्या नाकात स्वतःचीच पावडर असायची, नंतर तो फवारा. आज नाक रिकामं होतं. हत्ती कोणामुळे उठून गेले होते ते त्याला लख्ख कळलं. गुरुदासला कळलं नव्हतं, कारण अंगरखा अंगावर चढायचा तेव्हाच राणी समोर असायची, म्हणून वास तिचाच वाटायचा.

डोळ्यांतून गंगा-यमुना वाहू लागल्या. राणी सुटायला धडपडत होती, राजा प्रेमाने आणखी आवळत होता, आणि इब्रामपूर ओक्साबोक्शी रडत होतं. शेवटी तिने कसंबसं तोंड बाहेर काढलं आणि तीस वर्षांची जीभ जागेवर आली.

"प्राणनाथ! मी वनात जाते. पण जाण्याआधी दासीची एवढीच विनवणी. हा अंगरखा तेवढा खाडीत बुडवा. गजशाळेतले हत्ती परत येतील!"

मांडव कोसळायचाच बाकी राहिला. गुरुदासने मान खाली करून स्वतःची बाही हुंगली आणि त्याच्या मिशा एका बाजूला सरकल्या.

खेळानंतर अग्रशाळेत अनंतदादांनी सगुणची पाठ थोपटली. "राणी तूच रे बाबा. मरेपर्यंत." गुरुदास बनियनवर बसला होता, अंगरखा मांडीवर, चेहरा कानकोंडा.

"सगुणा, मी तुका भर दरबारात..."

"सोड रे. उद्या पेडण्याक जाऊ, तुझी तू कांडी निवड. आधी कोपरावर लावून बघ."

शालू परत न्यायला आलेल्या विनोदिनीने पोलक्याची बगल हुंगली, उजेडात धरली. नवा डाग नाही. मग तिने नाकाला पदर लावून राजाचा अंगरखा दोन बोटांत उचलला. "भावजी, द्या माझ्याकडे. रिठ्याच्या पाण्यात हलक्या हाताने धुते, जरीची तार काळी पडणार नाही."

गुरुदासने कृतज्ञतेने हात जोडले. पण सगुणने झटकन पुढे होऊन अंगरखा तिच्या हातातून काढून घेतला, घडी केली आणि पेटाऱ्यात ठेवून झाकण लावलं.

"धू गो, धू," तो म्हणाला. "पण मोसम सरल्यावर."