हवेची बाज

बसून झोपणारी माणसं एसटीत दिसतात. माझ्या सासूबाई घरात तशा झोपायच्या, भिंतीला पाठ लावून, मांडीवर उशी घेऊन. त्यांना मी आत्याबाई म्हणते. लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या दुष्काळात टँकरच्या गर्दीत त्या भरल्या कळशीसकट पडल्या. मणक्याला मार बसला. आम्ही उचलायला धावलो तर ही बाई म्हणते, "मला ऱ्हाऊ द्या, आधी कळशी सरळ करा." कळशीला हा मोठा पोचा आला होता आणि आत घोटभर पाणी उरलं होतं. मला इतका राग आला होता, अजून येतो. तेव्हापासून त्या उताण्या झोपल्याच नाहीत. पाठ टेकली की कळ मस्तकात जायची.

एरवी या बाईचं आणि पाण्याचं सख्य जुनं. माहेर देवणीकडचं. लहानपणी विहिरीत पोहायला शिकलेल्या, आणि पाठीवर पडून तरंगण्यात सगळ्या पोरांना भारी. भाऊ म्हणायचे, ही पाण्यावर बाज टाकून निजते. लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत लातूर वेगळा जिल्हा झाला. सासरे हौशी माणूस. "आता आपण जिल्ह्याच्या गावाला राहायचं, नळाला बारमाही पाणी," म्हणत त्यांनी खेड्यातलं बिऱ्हाड हलवलं आणि शहरात किराणा दुकान टाकलं. आत्याबाई त्यांना हयातभर एकच टोमणा मारत राहिल्या, "जिल्हा आला अन् हीर गेली." सासरे हसायचे, दुसरं काय करतील.

आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं असं कुणी म्हणत नाही, 'नळ आले' म्हणतात, पाहुणे आल्यासारखं. त्या दुष्काळात हे पाहुणे कधी येतील याचा नेम नव्हता. आले की म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळे हंडे घेऊन धावायचे. आधी आत्याबाई कालचं पाणी शिळं म्हणून तुळशीला ओतायच्या. मग आठवड्याचं पाणी गाळून प्यायला लागल्या आणि शिळं हा शब्दच घरातून गेला. पुढे पाऊस झाला, दुष्काळ सरला, पण त्यांचे कान नळाकडेच राहिले. पाठीनं झोप नेली होती, उरलेली या कानांनी.

डॉक्टर म्हणाले, पाण्यात अलगद पडून राहू द्या, पाठ सैल होईल. मी त्यांना शहरातल्या पोहायच्या तलावावर नेलं. दारातून त्यांनी ते निळं पाणी पाहिलं आणि तिथूनच मागं फिरल्या.

"एवढ्या पाण्यात पाय घालू व्हय? आपली गल्ली महिनाभर पिईल."

"अहो, ते प्यायचं नाही, पोहायचंच आहे."

"पाणी ते पाणीच असतंय."

किती सांगितलं, पण माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. 

मग आम्ही माझ्या लेकीकडे गेलो. तिला नांदेडला दिलंय, जावयाची अर्धापूरकडे केळी आहे. बागेत छातीएवढ्या पाण्याचा सिमेंटचा हौद. जावयाने पोरांसाठी हवा भरायची प्लास्टिकची गादी आणली होती, उशीसकट, पाण्यावर लोळत पडायची. आत्याबाईंनी ती बोटाने दाबून पाहिली.

"ही तर हवेची बाज हाय."

"पडता का आजी?" जावयाने विचारलं.

"पाणी खराब होईल की."

जावई माझ्यापेक्षा हुशार निघाला. म्हणाला, "आजी, तुम्ही पडा न्हाईतर नका पडू, हे पाणी केळीलाच जाणार हाय."

"समदं?"

"थेंब न् थेंब."

आत्याबाईंचा एवढ्यावर विश्वास बसतोय होय. हौदातून निघालेला पाइप धरून त्या हळूहळू पार केळीच्या बुंध्यापर्यंत चालत गेल्या, ओली माती हाताने चाचपली आणि परत आल्या. मग लुगड्याचा काष्टा घातला, गळ्यातलं इष्टलिंग पदराखाली नीट केलं. "चला, महादेवालाबी अंघोळ घडू द्या," म्हणाल्या.

मी आणि लेक आधी पाण्यात उतरलो. त्यांना पायऱ्यांवरून हात द्यायला गेले तर म्हणतात, "मला पाण्यात उतरायचं शिकवायलीस व्हय?" पण गादीवर बसताना माझं मनगट घट्ट धरलं. आधी बसल्या, मग कोपरावर आल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आता कळ येईल, आता येईल. त्यांनी पाठ टेकवली, मग डोकं. कळ आली नाही.

"टेकली गं," एवढंच बोलल्या. जरा वेळाने त्यांचा एक हात घसरून पाण्यात गेला आणि तोंड उघडं पडलं. झोपल्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांना अशी आडवी झोपलेली पाहिलीच नव्हती. मी गादीचा काठ धरून छातीभर पाण्यात उभी राहिले आणि मला रडू फुटलं. तोंडावर पाणी मारून घेतलं, लेकीला कळू दिलं नाही.

तेवढ्यात लाईट आली. बोअरची मोटार सुरू झाली आणि हौदात धो धो पाणी पडायला लागलं. आत्याबाई दचकल्या. डोळे अर्धे मिटलेलेच, पण कोपरावर उठायला लागल्या, गादी एका अंगाला कलली.

"नळ आले. ऊठ गं, घागरी घे."

मी त्यांचा खांदा हलकेच खाली दाबला. "भरल्या, आत्याबाई."

"समद्या?"

"सगळ्या. हंडे, घागरी, पिंप, सगळं भरलंय."

"अन् ती पोचा आलेली कळशी?"

"तीच आधी भरली," मी म्हणाले.

"मग निजते जरा," त्या म्हणाल्या आणि मान पुन्हा उशीवर टेकवली.